गणिताचा चित्रकार : एम. सी. एशर

वाचकहो, निकालाच्या दिवशी गणिताचे गुण पाहून ज्या घरात आधी आईचा आणि मग वडिलांचा चेहरा उतरतो, त्या घरात ही हकिकत आवर्जून वाचली जावी असे मला वाटते. ज्यांची ही हकिकत आहे ते गृहस्थ शालान्त परीक्षेत नापास झाले होते. त्यापूर्वी दोन वेळा त्यांना त्याच वर्गात पुन्हा बसावे लागले होते. अंकगणित आणि बीजगणित या विषयांनी तर त्यांना जन्मभर जवळ येऊ दिले नाही. आणि तरीही १९५४ साली जगभरचे गणिती परिषदेसाठी अ‍ॅमस्टरडॅमला जमले, तेव्हा त्या परिषदेच्या निमित्ताने तेथील मोठ्या संग्रहालयात ज्यांच्या चित्रांचे प्रदर्शन मांडण्यात आले, ते हेच गृहस्थ. नाव मॉरिट्स कॉर्नेलिस एशर, जन्माने डच, पेशाने लाकडावर आणि दगडावर चित्र करून त्याचे ठसे छापणारे.

त्यांची चित्रे तुम्ही नाव माहीत नसताना पाहिली असतील. एका कागदावर दोन हात आहेत आणि डावा हात उजव्याला, उजवा डाव्याला रेखाटतो आहे; किंवा एका वाड्याच्या गच्चीवर जिना आहे आणि माणसे पायऱ्या चढत चढत जेथून निघाली तेथेच परत येतात. ही चित्रे एशर यांची.

आधीच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे विद्यार्थी मित्रांचा गैरसमज होणार नाही. नापास होणे हे हुशारीचे लक्षण आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. नापास होणारे पुष्कळ असतात, एशर एखादाच. प्रश्न वेगळा आहे. ज्याला आपण गणित म्हणतो त्याच्या घराला दारे किती, आणि शाळेत आपण मुलांना त्यांपैकी किती दाखवतो?

एशर यांचा जन्म १७ जून १८९८ रोजी हॉलंडमधील लेवार्डन या गावी झाला. वडील जॉर्ज एशर हे स्थापत्य अभियंता. तरुणपणी जपान सरकारच्या नोकरीत राहून त्यांनी तेथील नद्यांची आणि बंदरांची कामे केली होती. घरात शिक्षणाला मान होता, पैशाची चणचण नव्हती. मॉरिट्स सर्वांत धाकटा, प्रकृतीने नाजूक आणि डावखुरा. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब आर्नहेम गावी राहायला आले आणि तेथेच त्याची शाळा झाली. सुतारकाम शिकला, पियानो शिकला, चित्रे काढली. पण परीक्षेचे गाडे काही पुढे सरकेना. भूमितीत त्यातल्या त्यात मन रमे, कारण तेथे डोळ्यांपुढे काहीतरी उभे करता येते. बीजगणितात अक्षरांची नुसती ये-जा, तिचा त्याला अर्थ लागत नसे.

वडिलांची इच्छा मुलाने वास्तुशिल्पी व्हावे अशी. अभियंत्याच्या घरातली ही साधी, समजण्यासारखी इच्छा. म्हणून १९१९ साली एकवीस वर्षांच्या मॉरिट्सला हार्लेम येथील वास्तुशिल्प व शोभनकला यांच्या शाळेत घातले. तेथे सॅम्युअल येसुरून दे मेस्किटा नावाचे ठसाचित्रकलेचे शिक्षक होते. मुलाने आपले काही ठसे त्यांना दाखवले. त्यांनी ते पाहिले आणि हा मुलगा इमारतींच्या नकाशांसाठी जन्मलेला नाही, याला ठसाचित्रांकडे जाऊ द्या, असे मत दिले. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा लोटला होता. आणि वडिलांनी ते मानले! पालकबंधूंनो, येथे क्षणभर थांबा. परीक्षेत नापास झालेला मुलगा, हातात आलेला सुरक्षित धंदा सोडून चित्रे छापण्याच्या नादी लागतो, आणि बाप एका शिक्षकाच्या शब्दावर होकार देतो. हा होकार स्वस्तातला नव्हता. पुढे पन्नाशीला पोहोचेपर्यंत एशर यांचे घर केवळ चित्रांवर चालले नाही, त्याला वडिलांच्या पैशाचा टेकू लागत राहिला.

या शिक्षकाचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा यायचे आहे. दे मेस्किटा हे पोर्तुगालमधून पूर्वी हॉलंडला आलेल्या ज्यू समाजापैकी. गंमत अशी की मेस्किटा हा पोर्तुगीज शब्द आपल्या मशीद या शब्दापासूनच झालेला आहे. लाकूड कसे कोरावे, काळे आणि पांढरे यांचा तोल कसा राखावा, हे एशर त्यांच्याकडे शिकले. ठसा कोरायचा म्हणजे चित्र उलटे कोरावे लागते; उजवे ते डावे, डावे ते उजवे. ज्याचा हात वर्षानुवर्षे आरशातल्या चित्रावर चालला, त्याला आकृतीचे प्रतिबिंब म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. शिक्षण संपता संपता, १९२२ साली त्यांनी एक ठसा केला. चार पुरुषांची आणि चार स्त्रियांची अशी आठ डोकी एकमेकांत अशी बसवली की मध्ये रिकामी जागाच नाही, आणि ठसा शेजारी शेजारी छापत गेले की नक्षी हवी तेवढी वाढवता येते. ही कल्पना तेव्हा कोठून आली कोण जाणे. पण बी तेथे पडले होते.

त्याच वर्षी इटली आणि स्पेनच्या प्रवासात ते प्रथम ग्रानाडा येथे गेले आणि त्यांनी अलहंब्रा पाहिला.

अलहंब्राविषयी आपल्या समाजातील वाचकांना फार सांगायला नको, पण मुलांसाठी थोडे सांगतो. स्पेनमधील शेवटचे मुस्लिम राज्य ग्रानाडाच्या नासरी सुलतानांचे. १४९२ साली ते संपले. त्यांचा टेकडीवरील तांबूस भिंतींचा किल्ला आणि त्यातील महाल म्हणजे अलहंब्रा. महालांची बरीचशी बांधणी चौदाव्या शतकातली. आत गेलात की वरच्या भागात चुन्यातील कोरीव नक्षी आणि सुलेखन, आणि खाली कमरेच्या उंचीपर्यंत झिलईच्या रंगीत लाद्यांचे काम. या लाद्या आजच्यासारख्या साच्यातून निघालेल्या नव्हेत. कारागीर भाजलेली लादी घेऊन हातोडीने आणि छिन्नीने तिचे हवे त्या आकाराचे तुकडे काढी आणि ते एकमेकांशेजारी असे बसवी की सांध्यात सुईही जाऊ नये. तारे, चौकोन, पंख पसरल्यासारखे तिकोनी तुकडे. एकच आकार पुन्हा पुन्हा, भिंत संपेपर्यंत, आणि मनात आणले तर भिंतीच्या पलीकडेही. ज्या कारागिरांनी हे केले त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणालाही माहीत नाहीत.

चोवीस वर्षांच्या एशर यांनी त्यातील एक नक्षी कागदावर उतरवून घेतली. त्यांना नवल वाटले, पण वाट काही सापडली नाही. आपणही असे करावे, मात्र तारे-चौकोनांऐवजी प्राणी एकमेकांत बसवावेत असे त्यांच्या मनात होते. पुढच्या काही वर्षांत तसा प्रयत्नही झाला. जनावरे ओबडधोबड झाली, लोकांना ती आवडली नाहीत, आणि विचार बाजूला पडला तो जवळजवळ दहा वर्षे.

ही दहा वर्षे इटलीतली. तेथे येट्टा उमिकर नावाच्या तरुणीशी त्यांचे १९२४ साली लग्न झाले, रोममध्ये बिऱ्हाड झाले, मुले झाली. दर वसंतात पाठीवर पिशवी टाकून दक्षिण इटलीच्या डोंगरांतून भटकायचे, रेखाटने आणायची आणि हिवाळ्यात त्यांचे ठसे करायचे. कड्यावर चिकटलेली गावे, वळणावळणाच्या वाटा. चित्रे उत्तम आहेत, पण एशर तेथेच राहिले असते तर आज त्यांच्यावर लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. मुसोलिनीच्या राजवटीने ते कारण घडवले. मोठा मुलगा नऊ वर्षांचा झाला आणि शाळेत त्याला फॅसिस्टांचा गणवेश चढवावा लागला. राजकारणाशी काडीचा संबंध नसलेल्या या माणसाला ते सहन झाले नाही. १९३५ साली कुटुंबाने रोम सोडले आणि स्वित्झर्लंड गाठले. तेथील बर्फाच्या पांढऱ्या डोंगरांत मात्र त्यांच्या डोळ्यांना काही मिळेना. समुद्रासाठी जीव तळमळू लागला.

मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. भूमध्य समुद्रात मालवाहू जहाजे चालवणाऱ्या आद्रिया नावाच्या कंपनीला त्यांनी पत्र लिहिले. भाड्याला पैसे देत नाही, त्याऐवजी प्रवासात जे पाहीन त्यावर बारा चित्रे करीन आणि प्रत्येकाच्या चार प्रती, अशा अठ्ठेचाळीस प्रती कंपनीला देईन, असा प्रस्ताव. त्या कंपनीत एशर कोण हे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी कंपनीने होकार कळवला! अशा रीतीने १९३६ च्या उन्हाळ्याच्या तोंडी ते आणि येट्टा पुन्हा स्पेनला पोहोचले. वाटेत कार्टाहेना बंदरात तटबंदीचे रेखाटन करीत असताना हेर समजून पोलिसांनी त्यांना काही तास अडकवून ठेवले, तो प्रकार निराळाच.

चौदा वर्षांनी अलहंब्रात आलेला हा माणूस आता प्रवासी म्हणून आलेला नव्हता. पतिपत्नी दोघेही कागद-पेन्सिली घेऊन सकाळपासून भिंतींपुढे बसत आणि लाद्यांच्या नक्षीची रंगासकट नक्कल करीत. दिवस असे गेले. तेथून कॉर्डोव्याच्या मशिदीतही त्यांनी हेच केले. या प्रवासानंतर महिन्याभरातच स्पेनमध्ये यादवी युद्धाचा भडका उडाला. थोडा उशीर झाला असता तर ही भेट घडली नसती.

त्या भिंतींत त्यांना काय दिसले? तुम्ही स्वतःच करून पाहा. पुठ्ठ्याचे एकसारखे समभुज त्रिकोण कापा. त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. एका बिंदूभोवती सहा त्रिकोण ठेवले की ३६० अंश भरले, फट राहिली नाही. चौरस घ्या, चार बसतील. षटकोनाचा कोन १२० अंशांचा, तीन बसतील. मधमाशीला हे कोणी शिकवलेले नाही. आता सुसम पंचकोन घ्या. त्याचा कोन १०८ अंशांचा. तीन ठेवले तर ३२४ झाले, ३६ अंशांची फट उरली. चौथा ठेवावा तर मावत नाही. काही केले तरी नुसत्या सुसम पंचकोनांनी जमीन भरत नाही. म्हणजे फरशी बसवणारा गवंडीसुद्धा गणिताचा एक कायदा पाळतो, मग त्याने शाळेचे तोंड पाहिलेले असो वा नसो.

याच्या पुढची पायरी अशी. तयार नक्षीवर पातळ कागद ठेवून ती उतरवा आणि तो कागद हलवून पाहा. कागद सरळ सरकवला की नक्षी पुन्हा नक्षीवर तंतोतंत बसते. काही नक्ष्यांत एका बिंदूवर टाचणी रोवून कागद फिरवला तरी बसते. काहींत कागद उलटा केला, म्हणजे आरशातले चित्र घेतले, तरी बसते. आणि चौथा एक प्रकार आहे. ओल्या वाळूतून चालताना उमटलेली पावले आठवा. डाव्या पावलाचे प्रतिबिंब म्हणजे उजवे पाऊल, पण ते समोरासमोर नसून पुढे सरकलेले असते. तसे उलटवणे आणि सरकवणे एकदम. नक्षी हजारो असतील. पण दोन दिशांनी अखंड वाढणाऱ्या नक्षीत या चार हालचालींची मांडणी किती प्रकारांनी होऊ शकते? फक्त सतरा. अठरावा प्रकार नाही, असूच शकत नाही. हे फेडोरोव्ह या रशियन स्फटिकशास्त्रज्ञाने १८९१ साली सिद्ध केले.

एशर यांना यातले काही माहीत नव्हते. प्रवासातून परतल्यावर ते बेल्जियममध्ये राहायला गेले आणि एकामागून एक आकृत्या काढत बसले. १९३७ साली त्या त्यांच्या थोरल्या सावत्र भावाने पाहिल्या. हे भाऊ लायडन विद्यापीठात भूशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना स्फटिकांच्या रचनेचा अभ्यास होता. आपला धाकटा भाऊ चित्र म्हणून जे काढतो आहे ते स्फटिकशास्त्रातले प्रश्न आहेत, हे त्यांनी तत्काळ ओळखले आणि वाचनासाठी काही निबंधांची यादी दिली. त्यांत पोल्या या गणितज्ञाचा १९२४ सालचा निबंध होता. त्यात सतराही प्रकारांचा एकेक नमुना काढून दाखवलेला. निबंधाचा मजकूर एशर यांच्या डोक्यावरून गेला. पण ती सतरा चित्रे त्यांनी एक एक करून वहीत उतरवून काढली आणि चित्रांवरूनच नियम शोधायला बसले.

१९४२ पर्यंत त्यांनी आपली वही पुरी केली. कोणता आकार कोणत्या बाजूने शेजाऱ्याशी कसा जुळतो, कोठे सरकतो, कोठे वळतो, किती रंग दिले म्हणजे दोन शेजारी एका रंगाचे होणार नाहीत, याची स्वतःची खूण, स्वतःची वर्गवारी. रंगांचा जो प्रश्न त्यांनी तेथे हाताळला त्याकडे गणितज्ञ पुढे पुष्कळ वर्षांनी वळले. पण एशर यांना आपण गणित करतो आहोत असे वाटत नव्हते. पुढचा ठसा नीट व्हावा म्हणून तयारी चालली होती, इतकेच. अशी क्रमांक घातलेली १३७ रंगीत रेखाटने त्यांनी आयुष्यभरात केली.

मात्र एका मुद्द्यावर त्यांनी ग्रानाडाच्या कारागिरांची संगत सोडली. तारे आणि चौकोन त्यांना पुरेना. त्यांना मासे, पक्षी, सरडे, घोडेस्वार हवे होते. असा आकार की जो पाहताच ओळखू यावा. त्या कारागिरांनी सजीवांचे चित्र टाळले याची त्यांना हळहळ वाटे आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले. मला त्यांचे हे म्हणणे पटत नाही. सजीवाचे चित्र काढायचे नाही असे ठरल्यामुळेच ती बुद्धी आकाराच्या मुळापर्यंत गेली. नाहीतर दुसऱ्या देशांतल्या भिंतींप्रमाणे तेथेही राजे आणि शिकारीच रंगवल्या गेल्या असत्या. पण एशर यांचा एक गुण मान्य केला पाहिजे. आपण कोणाचे देणे लागतो हे त्यांनी कधी लपवले नाही. आपल्याला मिळालेल्या प्रेरणेचा सर्वांत समृद्ध झरा अलहंब्रा, हे ते कीर्ती मिळाल्यावरही सांगत राहिले.

चौकोनाचा सरडा कसा होतो हे मी वर्गात पोरांकडून करवून घेतो, तुम्हीही करा. पोस्टकार्डाचा एक चौरस कापा. डाव्या बाजूतून वाटेल तसा एक तुकडा काढा आणि तो तसाच सरकवून उजव्या बाजूला चिकटवा. वरून काढलेला तुकडा खाली लावा. आकार कितीही वेडावाकडा झाला तरी क्षेत्रफळ तेवढेच आणि एकाशेजारी एक ठेवले की फट नाही. आता त्या आकारात पक्षी दिसतो की मासा हे ज्याचे त्याने पाहावे. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस, पण त्या तासाला माझ्या वर्गात कोणी घंटेची वाट पाहत नाही.

एशर यांचा १९३८ सालचा ‘दिवस आणि रात्र’ हा ठसा याच युक्तीचा. खाली शेतांचे राखी चौकोन आहेत. ते वर जाता जाता पक्षी होतात. काळे पक्षी डावीकडे उडतात, पांढरे उजवीकडे. काळ्या पक्ष्यांमधली मोकळी जागा म्हणजेच पांढरे पक्षी. डावीकडे दिवसा उजेडातले गाव, उजवीकडे तेच गाव आरशातल्यासारखे आणि रात्रीचे. या एका चित्राच्या सहाशेहून अधिक प्रती त्यांना पुढे हाताने छापाव्या लागल्या. १९४३ सालच्या ‘सरपटणारे प्राणी’ या चित्रात तर कागदावरच्या षटकोनी नक्षीतला सरडा उठतो, पुस्तकावर चढतो, गुण्यावरून बारा पृष्ठांच्या घनावर जाऊन फुत्कार टाकतो आणि पुन्हा कागदावर उतरून नक्षी होतो.

हे चित्र झाले तेव्हा हॉलंडवर जर्मनांची सत्ता होती. एशर कुटुंब १९४१ पासून बार्न या हॉलंडमधील गावी राहत होते. चित्रकारांनी जर्मनांच्या कलासंघात नाव नोंदवावे अशी सक्ती होती, त्याशिवाय प्रदर्शन भरवता येत नसे. एशर यांनी नाव नोंदवले नाही आणि प्रदर्शन भरवले नाही. दे मेस्किटा आता म्हातारे झाले होते. आपल्याला कोणी हात लावणार नाही असे त्यांना वाटे. १९४४ च्या जानेवारीच्या अखेरीस एका रात्री जर्मन आले आणि त्यांना, पत्नीला आणि मुलाला घेऊन गेले. पतिपत्नीला फेब्रुवारीत ऑशविट्झच्या छावणीत मारण्यात आले. मुलगाही पुढे छावणीतच गेला.

एशर भेटायला म्हणून गेले तर घराचे दार उघडे, माणसे नाहीत आणि जन्मभराची चित्रे जमिनीवर विखुरलेली. हाती लागतील तेवढी त्यांनी गोळा केली. सुमारे दोनशे चित्रे अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयाच्या स्वाधीन केली. एक रेखाटन त्यांनी स्वतःजवळ ठेवले. त्याच्यावर जर्मन सैनिकाच्या खिळे मारलेल्या बुटाचा ठसा उमटलेला होता. ते त्यांच्या चित्रशाळेत अखेरपर्यंत राहिले. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, उस्तादांच्या चित्रांचे स्मृतिप्रदर्शन भरवण्यात हा शागीर्द पुढे होता.

कीर्ती आली ती १९५१ च्या सुमारास, अमेरिकेतील दोन मोठ्या साप्ताहिकांनी त्यांच्यावर लेख छापले तेव्हा. चित्रसमीक्षक मात्र दूरच राहिले. ही कोडी आहेत, कला नव्हे, असे त्यांचे मत. त्यांच्या देशात त्यांचे मोठे समग्र प्रदर्शन भरले ते १९६८ साली, वय सत्तर झाल्यावर. ज्यांनी त्यांना आपले मानले ते गणिती आणि स्फटिकशास्त्रज्ञ. १९५४ चे प्रदर्शन पाहणाऱ्यांत रॉजर पेनरोज नावाचा इंग्रज विद्यार्थी होता, ज्यांना पुढे २०२० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने घरी जाऊन, कागदावर काढता येतो पण लाकडात बनवता येत नाही असा त्रिकोण शोधला. वडिलांच्या बरोबर त्यावर एक निबंध लिहून तो एशर यांच्याकडे धाडला. त्यातूनच १९६० साली तो न संपणारा जिना आणि १९६१ साली ‘धबधबा’ ही चित्रे झाली. चित्राने गणिती घडवला आणि गणित्याने चित्र परत पाठवले, असा हा देवघेवीचा व्यवहार.

दुसरे होते कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे प्राध्यापक कॉक्सेटर. त्यांनी १९५८ साली आपला एक निबंध एशर यांना पाठवला. त्यात एक आकृती होती: वर्तुळात त्रिकोणांची जाळी, मध्यभागी मोठे त्रिकोण आणि कडेकडे जाताना लहान, आणखी लहान, परिघाशी अगणित. ही आकृती फ्रेंच गणितज्ञ प्वाँकारे यांच्या कल्पनेची. युक्लिडच्या भूमितीहून वेगळी अशी एक भूमिती आहे, तिचे सारे अमर्याद जग एका वर्तुळात मावते आणि आपल्या डोळ्यांना लहान दिसणारे ते सर्व त्रिकोण त्या जगात एकाच मापाचे असतात. एशर यांना या भूमितीशी कर्तव्य नव्हते. त्यांना पुष्कळ दिवस एक पेच पडला होता: नक्षी तर कधीच संपत नाही, मग ती एका कागदावर पुरी कशी दाखवायची? त्या आकृतीत त्यांना उत्तर दिसले. त्यांनी कॉक्सेटरना पत्र लिहून रीत विचारली. उत्तर सविस्तर आले, पण गणिताच्या भाषेत. त्यातला एकही शब्द उपयोगी पडला नाही. मग कर्कटक आणि पट्टी घेऊन त्यांनी त्या छापील आकृतीवरच रेघा टाकल्या, वर्तुळांचे मध्य हुडकले आणि स्वतःची रीत बसवली.

त्या रीतीने चार चित्रे झाली. तिसरे, १९५९ सालचे, सर्वांत सुंदर. पांढऱ्या कमानीसारख्या रेषांवरून माशांच्या रांगा एका पाठोपाठ चालल्या आहेत. परिघापासून येतात, मध्याकडे वाढत जातात आणि पुन्हा परिघाकडे बारीक होत नाहीसे होतात. व्यास अवघा ४१.५ सेंटिमीटर. चार रंग आणि काळी रेघ असे पाच लाकडी ठसे. प्रत्येक ठसा पाव वर्तुळाचा, म्हणून चार वेळा फिरवून छापायचा. एक प्रत म्हणजे वीस वेळा छपाई. यंत्र नाही. कागदाच्या पाठीवर हाडाचा लहान चमचा घासून ते छापत. काठाचे मासे तर बहिर्गोल भिंगाखाली कोरावे लागत.

नाव जगभर गाजल्यावर नव्या पिढीचे गवई आणि नट त्यांच्याकडे धाव घेऊ लागले. १९६९ साली मिक जॅगर या प्रसिद्ध गायकाने तबकडीच्या वेष्टणासाठी चित्र मागितले. एशर यांनी नकार दिला, आणि ओळख नसताना आपल्याला पहिल्या नावाने संबोधू नये असेही कळवायला सांगितले. जुन्या वळणाचा माणूस!

शेवटची वर्षे आजारपणाची आणि एकाकी होती. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. पत्नी १९६८ साली स्वित्झर्लंडला निघून गेली. तरी १९६९ च्या जुलैमध्ये त्यांनी आणखी एक ठसा पुरा केला. साखळीच्या कड्यांचे वर्तुळ, कडा मध्यावरही सूक्ष्म होत जातात आणि परिघावरही, आणि त्यांतून तीन साप गुंफलेले. एकाहत्तर वर्षांच्या हाताचे हे काम आहे हे रेघ पाहून ओळखता येत नाही. तोच त्यांचा अखेरचा ठसा. २७ मार्च १९७२ रोजी हिल्व्हर्सम येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ४४८ ठसाचित्रे आणि दोन हजारांवर रेखाटने मागे राहिली. त्यांपैकी पुष्कळ चित्रे हेग शहरात त्यांच्या नावाने २००२ साली उघडलेल्या संग्रहालयात पाहायला मिळतात.

माशांच्या त्या तिसऱ्या चित्राची हकिकत मात्र येथे संपली नाही. पांढऱ्या कमानी परिघाला काटकोनात मिळायला हव्यात, आणि चित्रात तर त्या तशा मिळत नाहीत, असे आधी कॉक्सेटरनाही वाटले होते. पुढे त्यांनी सगळा हिशेब सूत्रांनी मांडला. नेमक्या याच नक्षीत त्या रेषांनी परिघाशी काटकोन करायचाच नसतो, सुमारे ८० अंशांचा कोन करायचा असतो, असे उत्तर आले. मग त्यांनी चित्र मोजले. कोन तेवढाच होता, मिलिमीटरचीही चूक नव्हती. कॉक्सेटर यांचा तो निबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला, एशर जाऊन सात वर्षे झाल्यावर. ते हयात असते तरी त्यातले एकही सूत्र त्यांना वाचता आले नसते.